वळू नव्हे, वळण

सोमवार, ६ ऑक्टोबर

दैनंदिनी लिहायचं कारण एकच: अक्षर गंजू नये. सदतीस वर्षं शाळेत सुलेखन शिकवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि परवा किराण्याची यादी करताना माझा 'क्ष' चक्क लंगडला. तेव्हा रोज एक पान, रेघा आखून. ज्या दिवशी काही घडणार नाही त्या दिवशी लिहिणार नाही. उगाच शाई नासायची मला सवय नाही.

आज पाटी रंगवली. सूनबाई ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग काढतेय. साडेतीन ते पाच वर्षांची मुलं, सकाळी नऊ ते बारा. शिकवणार काय, विचारलं तर म्हणे, "शिकवणार काही नाही, बाबा. मुलं पीठ मळतील, माती वळतील, मणी ओवतील, पाण्यात हात घालतील. त्यातून बोटं तयार होतात." मी म्हटलं, बोटं जन्मतःच तयार असतात, दहा, मोजून घे. ती हसली. ती हसते तेव्हा विनोदाला हसली की मला, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर पाटी. तिने चिठोऱ्यावर मजकूर लिहून दिला होता: 'वळू, मळू, खेळू'. आता बोला! भर रस्त्यावर, चार फुटी पाटीवर, पहिलाच शब्द वळू! लोकांना वाटेल गुरांचा दवाखाना उघडलाय, एखादा बैल घेऊन यायचा. अशा वेळी जाणत्या माणसाने हातावर हात धरून बसायचं नसतं. तिला न विचारता मी मजकूर सुधारला: 'येथे मुलांच्या हाताला वळण लावले जाईल.' निळ्यावर पांढरं. 'ळ' असा उतरलाय की बघत राहावं.

संध्याकाळी सूनबाई पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हे... वळण?" मी म्हटलं, "वळणात वळणं आलंच की!" ती म्हणाली, "अक्षर मात्र सुंदर आलंय हं," आणि आत गेली. भारावली असावी.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

तेरा नावं आली! ग्रंथालयाच्या समितीची अट अशी की दहा मुलं तरी हवीत. दहाच्या खाली आकडा गेला की खोली परत. सूनबाई गेले पंधरा दिवस धास्तावलेली होती, आज तिच्या जिवात जीव आला. तिला वाटतं, तिने वाटलेल्या पत्रकांमुळे मुलं आली. वाटू दे. पण पाटीसमोर थबकून वाचणारे लोक मी या डोळ्यांनी पाहिलेत. त्यातले एक म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. मला म्हणाले, "दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून डोळे फुटायची वेळ आलीय हो. निदान माझ्या पोरीचं अक्षर तरी माणसांना वाचता येऊ दे." मी म्हटलं, "अगदी योग्य जागी आलात."

पाटी काम करते ती अशी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच मदतनीस बाई जिन्यावर घसरल्या. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, याल? फक्त सांडलेलं भरायचं आणि मुलांच्या बाह्या वर करायच्या." चिरंजीव जेवता जेवता एकदम म्हणाले, "बाबांना नको नेऊस." का, ते सांगेनात. हल्ली ते मोजकंच बोलतात आणि हाताने तर काही लिहीतच नाहीत. सहीसुद्धा फोनच्या काचेवर बोट फिरवून. माझ्या घरात असा माणूस निपजावा!

गेलो. जमिनीवर चटया, चटयांवर उथळ ट्रे. एकात ओली वाळू, एकात साबणाचा फेस, एकात वाटाणे. वाटाणे एकेक उचलून बाटलीच्या तोंडातून आत टाकायचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी, दोरीला कपड्यांचे चिमटे. कपडे नाहीत. नुसते चिमटे लावायचे आणि काढायचे, पाऊण तास! मी घरी कपडे वाळत घालतो तेव्हा मला कुणी शाबास म्हणत नाही.

मुलांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी आपली ठेवलीत. एक मुकादम. सगळ्यांना कामं सांगतो, स्वतः काडी हलवत नाही. एक भोंगा. त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको. आणि औषधवाल्यांची मुलगी, ती मुंगी. एवढीशी, गप्प. एकेक वाटाणा उचलते, बाटलीत सोडते, तळाला टक् वाजलं की स्वतःशीच मान हलवते. एकशे चाळीस वाटाणे टाकले तिने. मी मोजले. मला दुसरं काम नव्हतं.

सूनबाई येता-जाता सांगत होती, "बाबा, बघा ना, अंगठा आणि पहिलं बोट कसं भेटतंय." भेटू देत. त्यांची जुनी ओळख आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बारा वाजता फाटकाशी औषधवाल्यांनी सूनबाईला गाठलं. "रेघा सुरू झाल्या का?" मागे मुकादमाची आई उभी होती, दातांची डॉक्टरीण. त्या म्हणाल्या, "आमचा घरी येऊन नुसती कणीक मागतो हो." सूनबाईने समजावलं की हाताचे स्नायू अजून कोवळे आहेत, बोटांत बळ आलं की पेन्सिल आपसूक धरतील, घाई करायची नाही. औषधवाले म्हणाले, "पण पाटीवर तर वळण लिहिलंय."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी पाटीकडे बघितलं. 'ळ' अजूनही उत्तम आहे, ऊन लागूनसुद्धा रंग उडाला नाही.

रात्रभर नव्हे, पण दुपारभर विचार केला. बिचारी पोर. पदव्या आहेत, अनुभव नाही. ही अशीच पिठात हात घालून बसली तर लोक मुलं काढून घेतील. तिची अब्रू वाचवणं माझं कर्तव्य आहे, आणि तेही तिला कळू न देता, नाहीतर तिला वाईट वाटायचं. साडेदहाला ती अर्धी मुलं घेऊन अंगणात पाण्याचे खेळ घ्यायला जाते. उरलेली मुलं माझ्याकडे. पुस्तकांच्या कपाटामागे एक कोपरा आहे. पेन्सिली मी विकत आणल्यात. वह्या वाळूच्या खोक्याखाली ठेवायच्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रगती आहे. उभी रेघ, आडवी रेघ. मुकादमाने तीन पेन्सिली मोडल्या आणि चौथी माझ्यासाठी तासून आणा म्हणून मलाच हुकूम सोडला. भोंग्याची रेघ वहीतून निघाली ती चटईवरून थेट कपाटापर्यंत गेली. आवेश चांगला आहे.

मुंगीचं मात्र अवघड. पेन्सिल मुठीत धरते, काठी धरावी तशी. रेघ अर्ध्यावर येते आणि थरथरून थांबते. मी ओरडलो नाही. फूटपट्टीसुद्धा नेलेली नाही, ते दिवस गेले. फक्त प्रेमाने म्हटलं, "मुंगे, तुझ्या हाताला वळण नाही गं अजून." दोन-तीनदा म्हटलं असेल. ती कान देऊन ऐकते, मग आपला हात उलटसुलट करून बघत बसते. विद्यार्थी असा हवा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मुंगीने आज दोन्ही हात स्वेटरच्या खिशात ठेवले होते. थंडी वाढलीय.

वाटाण्यांकडेही फिरकली नाही. सूनबाईने खाली बसून विचारलं, "काय झालं गं?" तिने हात खिशात आणखी खोल घातले. मी सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं की वाटाण्यांचा कंटाळा येणं हे प्रगतीचंच लक्षण. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

सोमवार, १ डिसेंबर

मुंगी तीन दिवस आली नाही. पोट दुखतं म्हणे.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, आज आठ पालकांच्या सह्यांचं पत्र आलं. तेरा तारखेला, शनिवारी, सगळे वर्ग बघायला येणार. मुलं काही लिहिताना दिसली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ती रस्त्यापलीकडे, समोरच्या दुसऱ्या वर्गात जातील. तिथे शंभरपर्यंत आकडे लिहून घेतात, चार वर्षांच्या मुलांकडून. तेरातून आठ गेले की राहिले पाच. खोली गेलीच म्हणायची.

सूनबाईने पत्र उभ्यानेच वाचलं. वर्गासाठी तिने दोन वर्षं घातलीत. ट्रे, बाटल्या, मणी, एकेक वस्तू स्वतः जमवलीय. ती एवढंच म्हणाली, "मी कुणाला फसवलं नव्हतं हो, बाबा."

मी धीर दिला. "लोक असेच असतात. वाचतात एक, समजतात भलतंच."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग ट्रे धुवायला गेली. मला उगाचच अस्वस्थ वाटलं. जेवण जड झालं असेल.

गुरुवार, ४ डिसेंबर

पितळ उघडं पडलं. वाळू वाळवायची म्हणून सूनबाईने खोका उचलला, आणि खाली माझ्या वह्या. तिने एकेक उघडून बघितली. मुंगीच्या वहीत बारा पानं अर्धवट रेघा आणि प्रत्येक पानाखाली माझ्या सुंदर अक्षरात 'पुन्हा'.

"किती दिवस?"

"तीन आठवडे. तुझ्याच भल्यासाठी."

"मुंगीचं पोट दुखत नाहीये, बाबा. तिची आई सांगत होती, घरी ती चमचासुद्धा धरत नाही. भरवावं लागतं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, मी सदतीस वर्षं मुलं शिकवली, हजारो हात घडवले, मला कुणी... ती आवाज न चढवता म्हणाली, "मी तुम्हाला सांडलेले वाटाणे गोळा करायला बोलावलं होतं. आता मुलं गोळा करायची वेळ आलीय."

मी दार आपटून निघालो. दाराला मुलांची बोटं चेमटू नयेत म्हणून जाड स्पंज लावलाय, त्यामुळे ते आपटलंसुद्धा नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

जाणार नव्हतो. पण चष्मा तिथे राहिला होता.

मुंगी आलेली. कोपऱ्यात बसलेली, हात खिशात. बाकीची मुलं अंगणात होती. मी चष्मा शोधतोय तर ती मागून म्हणाली, "आजोबा, वळण कुठे मिळतं?"

मी म्हटलं, "काय?"

"माझ्या हाताला नाही ना. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आहे. बाबा म्हणतात, तिथे गाडी हळू घ्यायची. पण ते खूप मोठं आहे. हाताला लहान लागेल ना?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की ही एक वस्तू आहे, सगळ्यांकडे असते, आणि तिला ती द्यायची राहून गेली. मी तिथेच चटईवर बसलो. हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर हसू आलं नाही. एवढ्याशा पोरीला मी काय सांगत होतो? तिने माझा शब्द खरा मानला. सदतीस वर्षांत आणखी कितींनी मानला असेल?

घरी आल्यावर पाटीचाही विचार केला. बसलो आणि नीट मनाशी वाचली. 'हाताला वळण लावले जाईल.' ते आठ पालक काही मूर्ख नाहीत. पाटीवर जे लिहिलंय तेच ते मागतायत. सूनबाईने लिहायला सांगितलेल्यात लिहिण्याचं नावसुद्धा नव्हतं. लोक वाचतात एक आणि समजतात भलतंच म्हणे! बरोबर वाचलं त्यांनी. लिहिणाराच दीडशहाणा होता. सूनबाईने दोन महिन्यांत मला एकदाही तोंडावर सांगितलं नाही, आणि मी तिची अब्रू वाचवायला निघालो होतो. मला आज माझी लाज वाटते. एवढं एक वाक्य लिहायला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं.

संध्याकाळी चिरंजीवांना विचारलं, "तू लहान असताना मी तुला लिहायला बसवायचो, तेव्हा तुला..." ते फोनवरून मान न उचलता म्हणाले, "बाबा, भाजी वाढू का?"

मी म्हटलं, वाढ.

मंगळवार, ९ डिसेंबर

सूनबाईला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "शनिवारचं काय करू, बाबा, मला काही सुचत नाहीये." मलाही सुचत नव्हतं. म्हटलं, आधी मुंगीचं बघू.

आज पिठाचा दिवस. सूनबाई मऊ गोळ्यांत वाटाणे लपवते, मुलांनी ते कोरून काढायचे. मुंगीचा गोळा तिच्यासमोर तसाच पडलेला. मी तिच्याशेजारी बसलो आणि माझा गोळा घेतला. ठरवलं होतं की जमत नाही असं नाटक करायचं, म्हणजे तिला मदतीला यावंसं वाटेल.

नाटकाची गरजच पडली नाही. वाटाणा बोटाखाली लागायचा, मी धरायला जावं तर आणखी आत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नखांत पीठ, बाहीला पीठ, चष्म्याला पीठ. वाटाणा एक नाही. सगळा वर्ग जमला. मुकादम म्हणाला, "आजोबा, तुम्ही ते काढा, मी सांगतो कसं." भोंग्याने बातमी रस्त्यापर्यंत पोचवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी खरोखरच वैतागून म्हटलं, "नाही जमत ब्वा!"

तेव्हा मुंगीचा एक हात खिशातून बाहेर आला. तिने माझा अंगठा धरला, पहिलं बोट धरलं, दोन्ही एकमेकांवर टेकवली. "सगळा हात नाही घालायचा. हे दोघंच जातात. बाकीचे घरी थांबतात." मग मला आणखी जमेना तेव्हा दुसरा हातही बाहेर काढला आणि माझ्या गोळ्यातले सहाच्या सहा वाटाणे स्वतःच काढून माझ्या तळहातावर ठेवले. शेवटच्याला मान हलवली.

मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. दोन बोटांत वाटाणा, तिसऱ्याचा खाली आधार, बाकीची दोन दुमडलेली. अगदी पेन धरायची पकड. जी मी सदतीस वर्षं फूटपट्टीच्या धाकाने शिकवली, ती या पोरीला वाटाण्याने शिकवलीय. हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?

मागची पानं चाळली. सांगितलं होतं, तीन नोव्हेंबरला. मीच त्यावर विनोद केला होता.

शनिवार, १३ डिसेंबर

सविस्तर लिहितो.

दहाला सगळे पालक आले. बसायला मुलांच्याच बुटक्या खुर्च्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. मुलं पलीकडे फेसात आणि वाळूत रमलेली. सूनबाईने बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच औषधवाले उठले. "ताई, तुम्ही मुलांना जीव लावता, ते दिसतं. पण पाटीवर वळण लिहिलं होतं. माझ्या मुलीला एक रेघ येत नाही. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत तिला लिहायला सांगतील आणि ती मागे पडेल, तेव्हा मी काय करू?" मला तोपर्यंत ते रागावलेत असं वाटत होतं. ते घाबरलेले होते.

सूनबाई माफी मागायच्या बेतात होती. तेव्हा मी उठलो.

"पाटी माझी आहे," म्हटलं. "हिने सांगितलेलं मी लिहिलं नाही. हिने सांगितलं होतं 'वळू, मळू, खेळू'. मला वाटलं, लोकांना बैलाचा संशय येईल." पहिल्यांदा डॉक्टरीणबाई हसल्या, मग सगळी खोली. मी थांबलो. मग कपाटामागच्या वह्यांचंही सांगितलं, आणि वळण कुठे मिळतं हेही सांगितलं, नाव न घेता. तेव्हा कुणी हसलं नाही. औषधवाल्यांनी पलीकडे आपल्या मुलीकडे बघितलं. त्यांना कळलं असावं.

पण ते म्हणाले, "सर, चूक तुमची, मान्य. मुलीचे गेलेले दिवस परत येतात का?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणून मी मला जे येतं तेच केलं. माझ्या पिशवीतून आखलेले कागद काढले, प्रत्येकासमोर एक ठेवला, एकेक पेन्सिल दिली. "स्वतःचं पूर्ण नाव. डाव्या हाताने. डावखुऱ्यांनी उजव्या. दोन मिनिटं."

आणि मी सर झालो. मागे हात बांधून खुर्च्यांमधून फिरलो. "रेघेवर! रेघ शोभेला आखलीय का? मान वर! शेजाऱ्याच्या कागदात काय बघता? एवढी मोठी माणसं आणि नाव येत नाही?" आधी खिदळत होते. अर्ध्या मिनिटात शांत. मग जिभा बाहेर आल्या. डॉक्टरीणबाई, ज्या दिवसभर लोकांच्या तोंडात तारेएवढी अवजारं फिरवतात, त्यांनी पेन्सिल मुठीत धरली होती. औषधवाल्यांची पेन्सिल टोकाशी मोडली. मी त्यांच्यामागे उभा राहून म्हटलं, "तुमच्या हाताला वळण नाही."

त्यांनी कागद पालथा घातला आणि डावा हात खिशात घातला.

मुंगी पलीकडून हे बघत होती. ती फेसाचे हात तसेच घेऊन आली आणि वडिलांच्या खिशात हात घालून त्यांचा हात बाहेर काढला. उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "बाबा, चांगला आहे की. नवीन आहे फक्त." आणि पिठाचा एक गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

औषधवाले तो गोळा घेऊन त्या बुटक्या खुर्चीत साडेअकरापर्यंत मळत बसले. दुकान त्यांनी तोवर उघडलंच नव्हतं.

जाताना कुणीच काही सांगितलं नाही. सूनबाईने विचारलंही नाही. घरी येताना ती म्हणाली, "काही झालं तरी, बाबा, आज मजा आली." मी तिचा ट्रेचा गठ्ठा उचलला, तेवढंच माझ्या हातात होतं.

सोमवार, १५ डिसेंबर

पावणेनऊपासून दारात उभा होतो. भोंगा आधी ऐकू आला, मग दिसला. मग एक एक करत मुलं. मुकादमाने आल्या आल्या मला विचारलं, "आज किती जण आलेत? मोजा." मी मोजतच होतो. नऊ वाजता सात. नऊ-पाचला नऊ. दोघं समोरच्या वर्गात शिरताना मी रस्त्यापलीकडे पाहिली. आया माझ्याकडे न बघता गेल्या. तिसऱ्याचा निरोप फोनवर आला.

नऊ-वीस झाले तरी नऊच. नऊवरून पुढे आकडा सरकेना. सूनबाई चटया नीट लावू लागली, ज्या आधीच नीट होत्या. मी समितीला काय सांगता येईल याची वाक्यं मनात जुळवायला लागलो. एकही धड जमेना.

नऊ-पंचवीसला फाटक वाजलं. औषधवाले आणि त्यांचा हात धरून मुंगी. ते धापा टाकत होते.

"उशीर झाला, सर. ही म्हणाली, स्वेटरची बटणं मीच लावणार. चार बटणं. वीस मिनिटं लागली." ते जरा थांबले. "मी बघत उभा राहिलो. हात लावला नाही. फार अवघड असतं हो ते."

मी खाली बघितलं. चारही बटणं लागली होती, एकेक काज चुकून. स्वेटर एका बाजूला हनुवटीखाली आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याकडे निघालेला. सदतीस वर्षांची सवय. माझा हात आपोआप पुढे गेला.

मुंगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तो हात मागे घेतला आणि सूनबाईला आवाज दिला, "दहा झाले गं!" आणि मुंगीला म्हटलं, "ये, आत ये. वाटाणे थांबलेत."